फोनवर काय सांगायचं

ही कार्डं मी पदरच्या पैशानं छापली.
पिवळी. बर्फात पडली तरी दिसावीत म्हणून.
डुलुथमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल
जे पांढरं नाही, तेवढंच सापडतं.

एक लाँड्रीच्या काचेवर, दहा धक्क्यावरच्या कॉफीवाल्याकडे.
"निवडणुकीला उभी राहतेस की काय, मार्लिस?"
नाही रे बाबा. वाच.

तीनच ओळी आहेत त्यावर.
घरातलं माणूस भान हरपून बसलं, तर पोलिसांना फोनवर सांगा
की हा गुन्हा नाही, आजार आहे.
आणि मागा: याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस पाठवा.

एवढंच.
हे एवढंच मला ठाऊक नव्हतं
त्या रात्री, जेव्हा शेजारचा लाइफ
अनवाणी उभा होता अंगणात, उणे अठरा अंशांत,
सरोवराकडे तोंड करून कुणाशी तरी हुज्जत घालत.
हातात काहीतरी चकाकत होतं.
मी पडद्याआडून फोन लावला
आणि म्हणाले, सुरा आहे.

शब्दाला धार असते म्हणतात.
किती, ते मला चार मिनिटांत कळलं.

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची
पितळी पट्टी होती ती.

लाइफ जगला.
उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही,
टोपी घालायला आई लागते. एकतीस वर्षांचा आहे.
मला कुणी बोललं नाही. कागदोपत्री मी 'तक्रारदार'.
तक्रार कुठे केली होती मी?
घाबरले होते.

मग वाचनालयात ती सभा. सात माणसं,
त्यातली दोन नुसती ऊब घ्यायला आलेली.
ड्युफ्रेन नावाची पोलीसबाई बोलली,
ओठ फुटलेले, हातमोजे मांडीवर.
म्हणाली, पहिला धडा गप्प बसण्याचा.
दुसरा, दिवा आणि भोंगा बंद करण्याचा.
सोबत एक नर्स असते, साध्या स्वेटरमध्ये.
घाई नाही. कधी कधी तीन तास
पायरीवर बसून माशांच्या गप्पा.

कधीपासून आहे हे? मी विचारलं.
सहा वर्षं.
सहा वर्षं! या गावात खड्डा बुजवला
तरी पाटी लावतात.

सगळे शिकलेत का?
तिनं खोटं सांगितलं नाही. चारांतला एक, म्हणाली.
म्हणून तर मागावं लागतं.

तेव्हापासून मी दारोदार.
कुणी कार्ड घेऊन चुलीत घालतं, कुणी फ्रिजला चिकटवतं.
एका म्हाताऱ्यानं दारातच डोळे पुसले आणि
"कांद्यामुळे" असं सांगितलं. कांदा नव्हता घरात.
एक घर मात्र मी चुकवत राहिले, तीन आठवडे,
माझ्या दारापासून अकरा पावलांवरचं.

काल गेले.
आर्डिसनं दार उघडलं. मी पाठ केलेली वाक्यं
घशातच राहिली. कार्ड पुढे केलं.
तिनं चष्मा शोधला, चष्मा लावला,
तीन ओळी इतका वेळ वाचल्या
की माझ्या बुटांवरचा बर्फ वितळून
तिच्या पायपुसण्यात मुरला.

"एक ओळ राहिली," ती म्हणाली.
"नाव.
नाव सांगा त्याचं, असं लिही.
जन्मला तेव्हा पहिला लोकरीचा मोजा तू विणला होतास.
फोनवर तू म्हणालीस, 'एक माणूस'."

मी काय बोलणार.

आतून लाइफनं विचारलं, कोण आहे?
ती वळली नाही. "मार्लिस आहे," म्हणाली, "शेजारची."
आत थोडा वेळ काहीच नाही. मग टीव्हीचा आवाज कमी झाला.

माझ्या पिशवीत अजून सहाशे कार्डं होती.
"आण इकडे," म्हणत तिनं अर्धी काढून घेतली.
तिचं पेन थंडीनं उमटेना.
तिनं ते तोंडाशी धरलं, फुंकर घातली,
पुन्हा टेकवलं.